रोजचा भाव, पण कुणाच्या हिशेबाने?

मा. केंद्रीय पेट्रोलियममंत्री,
नवी दिल्ली



परभणीहून लिहितो आहे. राज्यात पेट्रोल सगळ्यात महाग कुठं, असा विषय निघाला की आमच्या गावाचं नाव हमखास येतं. आमचा टँकर निघतो मनमाडजवळच्या पानेवाडीच्या डेपोतून आणि छत्रपती संभाजीनगर, जालना ओलांडून इथं पोचतो. वाहतुकीचे पैसे आम्ही लिटरमागं मोजतो, त्याबद्दल कुरकुर नाही.

कुरकुर वेगळी आहे. 2010 मध्ये पेट्रोलचा भाव सरकारी नियंत्रणातून सुटला, 2014 मध्ये डिझेलचा. 16 जून 2017 पासून तर देशभर रोज सकाळी सहाला नवा भाव लागू लागला. जगात तेल आटलं तर जास्त मोजायचं, मुबलक झालं तर कमी, असा हा सौदा. आपण बहुतेक सगळं खनिज तेल बाहेरून आणतो, तेव्हा तो रास्तही होता.

मग 2020 आलं. टाळेबंदीत गाड्या थांबल्या, तेलाला गिऱ्हाईक उरेना. 20 एप्रिलला अमेरिकी तेलाचा वायदा शून्याखाली गेला; साठवायला जागा नाही म्हणून विकणाराच वर पैसे देऊ लागला. आपल्या सरकारनं विशाखापट्टणम, मंगळूर आणि पाडूरच्या भूमिगत साठ्यांत पिंपाला सरासरी 19 डॉलर दरानं तेल भरून घेतलं. शहाणपणाचं काम, दाद द्यायलाच हवी. पण आमच्या टाकीत त्यातलं काय पडलं? पेट्रोलवरचा अबकारी कर मार्चमध्ये 3 रुपये आणि मे महिन्यात 10 रुपये वाढला. स्वस्ताई परस्पर तिजोरीत जमा!

नोव्हेंबर 2021 ते मार्च 2022 मध्ये उलटं घडलं. साडेचार महिने सरकारी तेल कंपन्यांनी भाव हलवला नाही. त्याच काळात युक्रेनवर हल्ला झाला, जागतिक बाजारातलं ब्रेंट खनिज तेल पिंपाला 130 डॉलरच्या वर जाऊन आलं आणि पाच राज्यांच्या निवडणुकाही उरकल्या. मतमोजणी 10 मार्चला झाली. 22 तारखेपासून 80-80 पैशांनी भाव चढायला लागला आणि पंधरवड्यात लिटरमागं 10 रुपयांनी वाढला. ग्राहकाला युद्धाच्या झळीपासून वाचवलं, असं आपण म्हणाल. काही अंशी खरंही आहे. पण खासगी पंपांना तोट्यात विकणं परवडेना. त्यांनी विक्री आखडली, सगळी गर्दी सरकारी कंपन्यांच्या पंपांवर लोटली आणि जूनमध्ये काही राज्यांत पंप कोरडे पडले. भाव रोखला म्हणून माल वाढत नाही. पैशाऐवजी माणूस रांगेत वेळ मोजतो, एवढंच.

पंपावरचा पोरगा ‘झिरो बघा’ म्हणतो, आम्ही बघतो. त्यापुढं पळणाऱ्या आकड्यात तेलाचं किती, अबकारी किती, डीलरचं कमिशन किती आणि राज्याचा व्हॅट-अधिभार किती, हे कुठंच दिसत नाही. दिल्लीच्या भावाची अशी फोड कंपन्या संकेतस्थळावर देतात. परभणीकरानं ती कुठं बघायची?

दोनच मागण्या आहेत. प्रत्येक पंपाच्या फलकावर त्या गावच्या भावाची फोड लावायला सांगा. आणि तेल किती डॉलरच्या खाली गेलं की कर किती वाढेल, किती वर गेलं की किती उतरेल, हे आधीच राजपत्रात छापा. कर घ्या, पण नियम निवडणुकीच्या आधी आणि नंतर एकच ठेवा.

आपला,
परभणीचा एक ग्राहक