दरडीचा आराखडा आहे. बाह्यरुग्ण विभागाचे काय?

कर्जत, प्रतिनिधी : खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड कोसळली. वाडीपर्यंत रस्ता नव्हता, खराब हवामानामुळे हेलिकॉप्टरही उपयोगी पडले नाही. जवान आणि डॉक्टर चिखलाच्या पायवाटेने डोंगर चढले. २७ मृतदेह हाती लागले, ५७ जण बेपत्ता राहिले आणि २३ जुलैला शोधकार्य थांबविण्यात आले.

त्या काळात यंत्रणेचे सारे लक्ष डोंगराकडे होते, आणि ते स्वाभाविकच होते. मात्र आपत्ती आली म्हणून बाळंतपणे थांबत नाहीत. ऐन भातलावणीत सर्पदंश टळत नाही, क्षयरोग्याला गोळ्या चुकवता येत नाहीत. बचावासाठी बाहेरून पथके येतात. या रोजच्या रुग्णांसाठी बाहेरून कोणी येत नाही.

आपत्ती व्यवस्थापन कायद्याने २००५ पासून जिल्हा आराखडा बंधनकारक केला. रुग्णालये आपत्तीतही चालू राहिली पाहिजेत, हे राष्ट्रीय प्राधिकरणाने २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत सांगितले. सेवासातत्याचा प्रश्न बचावकार्याहून वेगळा आहे. निम्मे कर्मचारी घटनास्थळी गेले, तर कोणत्या सेवा चालू ठेवायच्या, कोणत्या पुढे ढकलायच्या आणि रुग्ण कोणाकडे सोपवायचे, हे आधी ठरलेले असावे लागते.

बाब वरकरणी किरकोळ वाटते. लस २ ते ८ अंशांतच टिकते. वीज गेल्यावर शीतकपाट काही तास तग धरतो, पुढे जनरेटर हवा. त्याचे डिझेल कोणी आणायचे, कोणत्या खर्चातून, आणि रस्ता बंद असेल तर? कागदावर ‘जनरेटर उपलब्ध’ एवढीच नोंद पुरेशी नाही.

येथे भूगोलही आडवा येतो. कर्जतला उपजिल्हा रुग्णालय आणि चौकला ग्रामीण रुग्णालय आहे. जिल्हा रुग्णालय मात्र दूर समुद्रकाठी, अलिबागला. अत्यवस्थ रुग्णाचे नातेवाईक साहजिकच पनवेल, नवी मुंबईची वाट धरतात. शिवाय बोरघाटातील अपघातांचा भार आहेच. १५ एप्रिल २०२३ रोजी तेथे बस दरीत कोसळून १३ जण दगावले, तेव्हा पावसाळा नव्हता. असा अपघात जुलैत, दरडीच्याच दिवशी झाला तर जखमी कोठे न्यायचे, याचा निर्णय त्या क्षणी घेणे म्हणजे उशीर करणे होय.

इर्शाळवाडीतील वाचलेल्या कुटुंबांना चौक परिसरात नवी घरे मिळाली. डोंगरावरील काही वाड्यांतून आजही रुग्णाला झोळीतून खाली आणावे लागते. त्या वाड्यांत जुलै-ऑगस्टमध्ये बाळंत होणाऱ्या स्त्रियांची यादी आणि त्यांना पावसापूर्वी खाली कोठे ठेवायचे याची सोय, निदान एवढे तरी मेअखेर तयार असायला हवे.