लिहीपर्यंत सामायिक

लिनक्समध्ये एखादी प्रोसेस ‘फोर्क’ करते, म्हणजे आपल्यासारखीच नवी प्रोसेस जन्माला घालते, तेव्हा कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, तिच्या मेमरीची नक्कल लगेच करत बसत नाही. मेमरीच्या पानांचे तक्ते तेवढे नवे होतात. मूळ पानं, बहुधा ४ केबीची, आई आणि लेक दोघी वापरतात, पण फक्त वाचण्यापुरती. सातबाऱ्यावर जमीन सामायिक असावी आणि कुणी विहीर खणायला घेतली की तेवढ्याच तुकड्याची वाटणी व्हावी, तसं. एकीनं लिहायला हात घातला की प्रोसेसर अडवतो आणि कर्नल त्या एकाच पानाची प्रत काढून देतो. अँड्रॉइडची ॲप्स ‘झायगोट’ नावाच्या प्रोसेसपासून फुटतात आणि पटकन उघडतात, ती याच आळसाच्या जोरावर. पण आळसालाही चोख हिशेब लागतो. प्रत काढणं आणि तिच्यात लिहिणं यांमधल्या फटीत नेमक्या वेळी शिरलं, तर केवळ वाचायची परवानगी असलेल्या फाइलमध्येही लिहिता येत होतं! ‘डर्टी काऊ’ म्हणून गाजलेली ही चूक कर्नलमध्ये कित्येक वर्षं होती. उघड झाली ऑक्टोबर २०१६मध्ये. लिनक्सचा जनक लिनस टोरवाल्ड्सनं २००५मध्येच ही फट बुजवून पाहिली होती, पण दुसऱ्या अडचणीपायी ती दुरुस्ती मागे घेतली गेली. आणि कोड सगळ्या जगासमोर उघडा असूनही ती तशीच राहिली. ऑक्टोबर २०१६च्या आधीचा, कधीच अपडेट न झालेला अँड्रॉइड फोन घरात असेल, तर त्यावरून बँकेचे व्यवहार करू नका.