स्टेपनीचं माप



पुतण्याचं लग्न ठरलं आणि त्याने हट्टच धरला, "काका, वरात आजोबांच्या फियाटमधूनच काढायची." बाबांची प्रीमियर पद्मिनी चालू स्थितीत होती, पण स्टेपनीला टायर नव्हता. तिची रिम माळ्यावर सापडली. पार गंजलेली, एकही आकडा वाचता येईना.

मी टेप लावली. या कडेपासून त्या कडेपर्यंत सव्वापंधरा इंच! गाडीच्या चारही टायरवर तर १४ लिहिलेलं. ॲम्बॅसेडरचं चाक १५ इंची, हे मला ठाऊक होतं. म्हणजे बाबांनी भंगारातून ॲम्बॅसेडरची रिम उचलून आणली आणि तीच डिकीत टाकून आम्हाला नाशिक-पंढरपूर फिरवलं? "बाबांनी चिक्कूपणा केला," असं मी दादाला बोलूनही बसलो. तो काहीच बोलला नाही.

१५ चा टायर घेऊन मी दांडिया बाजारातल्या आमच्या पंक्चरवाल्याकडे गेलो. रिम बघताच तो म्हणाला, "काका, आ तो चौदनी छे." टायर सैल पडत होता. मी म्हटलं, "हवा जरा जास्त भर, बसेल." त्याने हवेची नळी खाली ठेवली. असा टायर हवा भरताना उडाला तर माणसाचा हात जातो, आणि रस्त्यात निघाला तर गाडीतल्या सगळ्यांचा जीव, असं सांगून त्याने साफ नकार दिला.

मग त्याने सुतळी घेतली. टायरची कड रिमवर जिथे टेकते, त्या बैठकीवरून एक वेढा दिला. सुतळी भरली ४४ इंच. भागिले ३.१४, उत्तर १४! रिमची कड बैठकीपेक्षा दोन्ही बाजूंना दीड-पावणेदोन सेंटिमीटर वर उठलेली असते. मी ती कड धरून मोजलं होतं. रुंदीसुद्धा दोन्ही कडांच्या आतूनच मोजायची.

माप जुळलं तरी रिम आपल्याच गाडीची असेल असं नाही, म्हणून भोकंही तपासायची. चार भोकं असतील तर एका भोकाच्या डाव्या कडेपासून समोरच्या भोकाच्या डाव्या कडेपर्यंत मोजावं. पाच असतील तर बरोबर समोर भोक येत नाही. शेजारच्या दोन भोकांच्या मध्यांमधलं अंतर घेऊन त्याला १.७ ने गुणावं. आमची रिम तर थेट गाडीलाच लावून पाहिली. सगळी भोकं चपखल जुळली.

टायर बदलून आणला आणि दादाला फोन केला. "रिम बाबांनी बरोबरच आणली होती. टेप मी चुकीच्या जागी धरली."

"मला काय सांगतोस?" दादा म्हणाला. "त्यांच्या फोटोसमोर सांग."

सांगितलं. वरातीत गाडी कुठे अडली नाही, स्टेपनी लागलीच नाही. पण डिकीत तीच होती.