नांदेड-लातूर : उडत की एसटीनं?

नांदेडला विमानतळ आहे, लातूरलाही आहे. मग या दोघांमध्ये विमान का नाही, असं आजकाल मुलं सहज विचारतात. आपण हसून सोडून देतो. पण मैत्रिणींनो, एकदा हिशेब करून बघाच.

नकाशावर पट्टी ठेवली, तर दोन धावपट्ट्यांमधलं अंतर साधारण सव्वाशे किलोमीटर भरतं. ताशी पाचशे किलोमीटरनं जाणारं पंख्याचं छोटं विमान ते पंधरा मिनिटांत कापेल. पण विमान म्हणजे काही रिक्षा नव्हे. वर चढायचं आणि चढलं न चढलं तोच उतरायला लागायचं, म्हणजे अर्धा तास धरा. त्याआधी तासभर अगोदर पोचा, सामान तपासून घ्या, उतरल्यावर गावात यायला पुन्हा वाहन शोधा. घराच्या उंबऱ्यापासून मोजलं तर अडीच तास सहज गेले! लोहा, अहमदपूर, चाकूर करत मोटारही जवळपास तेवढ्यातच पोचवते.

लांबच्या पल्ल्याचं वेगळं. २००८ च्या गुरु-ता-गद्दी सोहळ्याच्या वेळी नांदेडच्या विमानतळाचं रूप पालटलं. एप्रिल २०१७ मध्ये 'उडान' योजनेतून हैदराबादचं विमान सुरू झालं, त्याच वर्षअखेरीस अमृतसरचं. सचखंड एक्सप्रेसमध्ये दीड दिवस बसणाऱ्या भाविकांना ते हवंच होतं. (पुढे ही विमानं बंद पडली, मग दुसऱ्या कंपनीची आली, हे चालायचंच.) विमानाला माझा विरोध नाही. पण 'त्यांना मिळालं, आम्हाला का नाही' या दोन शहरांच्या जुन्या चढाओढीत खाली रस्त्यावरून जाणाऱ्या बाईकडे कोण बघतं?

कोण जातं या रस्त्यानं? शिकवणीसाठी लातूरला ठेवलेल्या लेकराकडे डबा, पांघरूण घेऊन निघालेली नांदेडकडची आई. विद्यापीठ १९९४ पासून नांदेडला, म्हणून कागदपत्रांसाठी खेटे घालणारी लातूरची मुलगी. मोठ्या दवाखान्यात सासूला घेऊन निघालेली सून. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं आणि गाड्यांतल्या बायका वाढल्या. फार चांगलं झालं. माहेरी जायला आता नवऱ्यापुढे हात पसरावा लागत नाही, असं आमच्या गटातल्या कितीतरी जणी सांगतात.

पण याच बाया प्रवासाच्या दिवशी सकाळपासून पाण्याचा घोट घेत नाहीत. का, ते तुम्हाला सांगायला नको. एसटीचा तीन-साडेतीन तासांचा रस्ता, मध्ये धड स्वच्छतागृह नाही. मग मूत्रमार्गाचा त्रास, जळजळ, ताप. गरोदर बाईचे, साखरेचा आजार असलेल्या बाईचे तर हालच. विमान पंधरा मिनिटांत जातं की वीस, याच्याशी तिला काय करायचंय?

रेल्वे म्हणाल, तर ती परळी, परभणी, पूर्णा असा मोठा वळसा घालते. लातूर रोडहून अहमदपूर, लोह्यावरून सरळ नांदेडला रूळ टाका, ही मागणी आमच्या आधीच्या पिढीपासूनची. तो होईल तेव्हा होईल. स्वच्छतागृहाला मात्र ना भूसंपादन लागतं, ना दिल्लीची मंजुरी. वाटेतल्या एका बसस्थानकात ते बांधलेलं आहे, फरशीसुद्धा नवी आहे. दाराला कुलूप आहे आणि किल्ली कुणाकडे, ते तिथल्या कुणालाच सांगता येत नाही. आम्ही चाळीस जणींनी सह्या करून अर्ज दिलाय. पोच घेतली आहे, शिक्का मारून.