मशीन जुनं झालंय म्हणे!

तुळशीचं लग्न लागलं की वसई-विरारमधल्या फोटोग्राफर मंडळींची झोप उडते. ते मुहूर्त ओसरतायत तोवर नाताळ येतो, आणि नाताळ झाला की उपवासकाळ सुरू व्हायच्या आत उरकायची म्हणून वसईतल्या ख्रिस्ती घरांतली लग्नं. वर प्री-वेडिंगवाले वसईच्या किल्ल्यात उभे असतातच. (चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये किल्ला जिंकला तेव्हा पुढे इथे काय काय चालणार आहे याची त्यांना कल्पना नसावी.)

माझा एक शाळेतला मित्र याच धंद्यात आहे. दुकान नालासोपाऱ्यात, घर आगाशीला. मध्यंतरी त्याचा फोन आला.

"अरे, नवीन लॅपटॉप घेतोय. एक लाख ऐंशी हजार. हप्ते बसतील. तू फक्त कॉन्फिगरेशन बघून सांग."

"का रे, आधीच्याला काय झालं?"

"जुना झालाय. एका फोटोवरून दुसऱ्यावर जायला सहा-सात सेकंद लागतात. एका लग्नाचे चार हजार फोटो. तूच हिशेब कर."

केला. सात तासांच्या वर! आणि तेही काम करण्यात नाही, नुसतं स्क्रीनवरचं चक्र फिरताना बघण्यात. दुकानदाराने त्याला सांगितलं होतं की चांगलं ग्राफिक्स कार्ड असलेला लॅपटॉप घ्या, लोण्यासारखा चालेल.

आता "मशीन जुनं झालंय" हे वाक्य मी ऑफिसातही ऐकत असतो (तिथे मशीनच्या जागी सर्व्हर म्हणतात, एवढंच). बहुतेक वेळा ते बोलणाऱ्याने काहीही मोजलेलं नसतं. म्हणून रविवारी सकाळी त्याच्याकडे जाऊन बसलो. पहिलं काम काय केलं, तर टास्क मॅनेजर उघडून बाजूला ठेवला आणि त्याला म्हटलं, तू नेहमीसारखा फोटो निवडत जा.

प्रोसेसर दहा-बारा टक्के. ग्राफिक्स कार्ड जवळजवळ झोपलेलं. आणि एक डिस्क सरळ रेघेत शंभर टक्के. कुठली? तर यूएसबीला लोंबकळणारी दोन टीबीची पोर्टेबल हार्ड डिस्क. घर आणि दुकान दोन्हीकडे काम करता यावं म्हणून त्याने फोटो, कॅटलॉग, प्रीव्ह्यू सगळं तिच्यावरच ठेवलं होतं. तसं बघितलं तर शहाणपणाचाच विचार!

इथे थोडं आत शिरायला हवं. या जातीच्या सॉफ्टवेअरमधलं सर्वात प्रसिद्ध नाव म्हणजे ॲडोबीचं लाइटरूम, २००७ मध्ये आलेलं. त्याचा कॅटलॉग म्हणजे आतून चक्क एसक्यूलाइटचा डेटाबेस असतो. फुकटातलं डार्कटेबल घ्या, डिजिकॅम घ्या, मुळात तीच गोष्ट. फोटो त्यात नसतात. कुठला फोटो कुठे आहे, किती स्टार दिले, उजेड किती वाढवला याच्या नोंदी असतात. प्रीव्ह्यू वेगळे साठवलेले. म्हणजे तुम्ही पुढच्या फोटोचं बटण दाबलं की एक मोठी फाइल सलग वाचली जाते असं नाही. दहा ठिकाणचे बारीक बारीक तुकडे वाचायचे, दोन ठिकाणी लिहायचं, असा मामला असतो.

आणि फिरत्या तबकडीच्या डिस्कला नेमकं हेच झेपत नाही. मिनिटाला ५४०० फेरे, म्हणजे एका फेऱ्याला ११ मिलिसेकंद. त्यात हेड इकडून तिकडे सरकायचा वेळ धरा. सेकंदाला साठ-सत्तर उड्या मारल्या की तिची दमछाक होते. एसएसडीला हेड नाही, तबकडी नाही, तिथे हाच आकडा हजारोंमध्ये जातो. शेजारी कितीही भारी प्रोसेसर बसवा, तो बिचारा वाटच बघणार.

जीन ॲमडाल नावाच्या गृहस्थांनी १९६७ मध्ये याचा हिशेब मांडून ठेवलाय. शंभर सेकंदांपैकी ऐंशी डिस्कमध्ये जात असतील आणि तुम्ही प्रोसेसर दुप्पट वेगवान आणलात, तर शंभराचे नव्वद होतात. नव्वद! या दहा सेकंदांसाठी एक लाख ऐंशी हजार.

मग आम्ही काय केलं? लॅपटॉपच्या आतल्या एसएसडीवर जागा केली, सॉफ्टवेअर बंद करून कॅटलॉग आणि प्रीव्ह्यू तिथे हलवले. मूळ रॉ फाइल्स राहिल्या पोर्टेबलवरच, त्यांना तिथे फारसा त्रास नाही. प्रत्येक बदल फोटोशेजारच्या एक्सएमपी फाइलमध्ये आपोआप लिहायचं सेटिंग कोणीतरी चालू केलं होतं, ते बंद केलं. आणि त्याला सवय लावली, की कार्ड उतरवल्यावर प्रीव्ह्यू बनवायला लावायचे आणि जेवायला जायचं. बस. फोटो सेकंदाच्या आत पुढे सरकायला लागला. मित्र दोन मिनिटं नुसताच बाण दाबत बसला होता.

सगळंच सुटलं का? नाही. चेहऱ्यांवर ब्रशने मास्क करायला लागला की मशीन अजून अडखळतं, कारण तिथे रॉ फाइल खरोखर शिजवावी लागते. २०२३ मध्ये लाइटरूममध्ये आलेल्या डीनॉइजसारखी एआयवाली कामं तर ग्राफिक्स कार्डावरच चालतात. तेव्हा दुकानदार अगदीच खोटं बोलत नव्हता. त्याने दुसऱ्याच दुखण्याचं औषध दिलं होतं. रॅम मात्र आठची सोळा करून घेतली, ती लागतेच.

आता माझ्या खऱ्या तक्रारीकडे येतो, आणि ती माझ्याच जातभाईंवर आहे. फोटो-सॉफ्टवेअर मंद चालतं ही बोंब काही वसईपुरती नाही. लोकांनी इतका आरडाओरडा केला, की जुलै २०१७ मध्ये लाइटरूमच्या टीमला जाहीरपणे ते कबूल करावं लागलं, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आलेल्या लाइटरूम क्लासिकमध्ये वेगावरच भर होता. चांगलं झालं. पण कोड वेगवान करणं हा अर्धा भाग झाला. कॅटलॉग कुठल्या डिस्कवर आहे, तिथून उत्तर यायला किती मिलिसेकंद लागतायत, हे प्रोग्रॅमला सहज मोजता येतं. मग "तुमचा कॅटलॉग मंद डिस्कवर आहे, आतल्या डिस्कवर हलवू का?" एवढी एक ओळ दाखवायला काय जातं? माझ्या मित्राच्या स्क्रीनवर पाच वर्षांत ती कधी आली नाही. त्याने नुसतं चक्र पाहिलं आणि मशीनला दोष दिला. आम्ही लिहितो ते प्रोग्रॅमही असेच वागतात हे मान्य करतो. ऑफिसातल्या मशीनवर एसएसडी असते, डेमोच्या कॅटलॉगमध्ये दोनशे फोटो असतात, सगळं भुर्रकन चालतं. दोन फलाटांवरची गर्दी चिरत, बॅगेत हार्ड डिस्क सांभाळत विरार लोकलने फिरणारा माणूस आमच्या टेस्ट-प्लॅनमध्ये नसतो.

असो. निघताना सहज विचारलं, बॅकअप कुठे घेतोस?

"सॉफ्टवेअर घेतं ना, दर आठवड्याला."

ते फक्त कॅटलॉगचं असतं, फोटोंचं नाही, हे सांगितल्यावर त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. पाच वर्षांची लग्नं, एक तबकडी. लॅपटॉपच्या पहिल्या हप्त्याचे जे पैसे बाजूला काढले होते त्यात दोन नव्या डिस्क आल्या. एक दुकानात, एक आगाशीला. येत्या रविवारी कॉपी करायला बसतोय आम्ही, चार हजार गुणिले न मोजलेली लग्नं.