ठिपक्यांची साक्ष अपुरी

चेन्नईहून बंगळूरकडे जाणाऱ्या मार्गावरील श्रीपेरुंबुदूर हे रामानुजाचार्यांचे जन्मस्थान म्हणून विख्यात आहे. आज तेथे मोटारींचे कारखानेही उभे आहेत. तथापि त्या परिसरातील चवळीच्या अथवा वांग्याच्या शेतात प्राणिशास्त्रातील एक जुना प्रश्न अजूनही अभ्यासकाची वाट पाहत असतो. माव्याने भरलेल्या एकाच डहाळीवर काही ढालकिडे आढळतात. एक पिवळसर असून त्यावर नागमोडी काळ्या रेषा असतात. दुसऱ्यावर सुटे ठिपके दिसतात. तिसऱ्यावर काळा रंग पसरलेला असतो. नवख्याला या तीन जाती वाटतात. वस्तुतः ती एकाच जातीची तीन रूपे असू शकतात.

या जातीला फाब्रिसियस या डॅनिश कीटकशास्त्रज्ञाने १७८१ मध्ये ‘सेक्समॅक्युलाटा’, म्हणजे ‘सहा ठिपक्यांची’, असे नाव दिले. पुढे तिच्या चार डागांच्या काळ्या रूपाला निराळे नाव मिळाले, आणि कालांतराने ते मूळ जातीतच विलीन करावे लागले. रूपावरून जाती ठरविण्याच्या घाईचा हा परिणाम होय.

रूपभेदाचे मर्म आनुवंशिकतेत आहे. आशियातील दुसऱ्या एका ढालकिड्याची, ‘हार्मोनिया ॲक्सिरिडिस’ची, दोनशेहून अधिक रूपे ज्ञात आहेत. चिनी शास्त्रज्ञ तान यांनी १९४६ मध्ये दाखवून दिले की, भिन्न रूपांच्या संकरातून झालेल्या संततीत मातेचे व पित्याचे काळे भाग एकमेकांवर रचल्यासारखे उमटतात. या भेदांचे नियंत्रण मुख्यतः ‘पॅनियर’ नामक एका जनुकाकडे असल्याचे २०१८ मध्ये स्पष्ट झाले. जे परस्परांत प्रजोत्पादन करतात, ते रंगाने कितीही भिन्न असले तरी एका जातीचेच.

हा केवळ पंडितांचा वाद नव्हे. वांग्याच्या झाडावर मावा खाणारा मित्रकीटक असतो, तसाच पाने खरवडणारा ‘अठ्ठावीस ठिपक्यांचा’ भुंगेराही असतो. या शत्रूच्या अंगावर कधी बाराच ठिपके भरतात. केवळ ठिपके मोजणारा शेतकरी मित्राला मारील आणि शत्रूला सोडील. पाठ निरखली तर भेद कळतो: मित्राची पाठ गुळगुळीत व चकचकीत असते, शत्रूची बारीक लवीने मंद दिसते. शत्रूच्या अळीच्या अंगावर फांद्या फुटलेले काटे असतात, आणि तिने खाल्लेल्या पानाची जाळी होते.

ठिपके हा आरंभीचा सोयीचा धागा आहे, हे मान्य करावयास हवे. परंतु तोच निर्णय मानणे अशास्त्रीय आहे. शालेय संग्रहात प्रत्येक जातीचा एकच ‘आदर्श’ नमुना टाचण्याची प्रथा ही चूक दृढ करते. कारण त्या नमुन्याहून निराळा दिसणारा प्रत्येक कीटक विद्यार्थ्याला परका वाटू लागतो. त्याऐवजी एकाच शेतातील वीस कीटकांची ओळ मांडावी; स्थळ, दिनांक, वनस्पती व भक्ष्य यांची नोंद जोडावी; शक्य तेथे अंड्यांपासून पिढी वाढवून पाहावी. अशा ओळीपुढे उभा राहिलेला विद्यार्थी हे शिकेल की, निसर्गात विविधता हा अपवाद नसून जातीचाच एक गुणधर्म आहे. वर्गीकरणाचा खरा आरंभ तेथून होतो.