मलायी लग्नघरी परका पाहुणा

मलेशियातील एखाद्या खेड्यात मलायी मुसलमानांचे लग्न निघाले की सारा गाव स्वयंपाकाला लोटतो. नारळ खवणे, कांदे चिरणे, मोठमोठी पातेली चुलीवर चढविणे ही कामे शेजारीपाजारीच उरकतात. वाचकहो, आपल्या गावच्या लग्नाहून हे काही निराळे नव्हे. अशा घरी परदेशी, तोही ख्रिस्ती, पाहुणा गेला तरी त्यास कोणी मागे बसवीत नाही. अंगभर वस्त्र ल्यावे, जोडे उंबऱ्याबाहेर काढावेत, उजव्या हाताने जेवावे, आणि स्त्रीने आपण होऊन हात पुढे केल्याखेरीज पुरुषाने हस्तांदोलन करू नये, एवढे पथ्य पाळले म्हणजे झाले.

खरा विधी अगदी थोडक्यात आटोपतो. वधूचा पिता, अथवा त्याच्या वतीने काजी, वराचा हात हाती धरतो आणि अमुक मेहेरावर ही कन्या तुला दिली, असे म्हणतो. वराने लागलीच, न अडखळता, स्वीकाराचे शब्द उच्चारावयाचे. दोघा साक्षीदारांनी ‘साह’, म्हणजे ‘विधिवत झाले’, असे म्हटले की लग्न लागले. वर बिचारा घाबरून अडखळला तर त्यास पुन्हा म्हणावे लागते, नि मंडळी गालांतल्या गालांत हसतात. वधू स्त्रियांमध्ये निमूट बसलेली असते. परंतु क्वालालंपूर आदी संघप्रदेशांस लागू असलेल्या १९८४ च्या मुस्लिम कुटुंब कायद्यान्वये तिच्या संमतीवाचून विवाहास मान्यता नाही.

आम्हांस विचारात पाडले ते मेहेराने. ही रक्कम वराने द्यावयाची, आणि ती वधूच्या स्वतःच्या मालकीची. बापाची नव्हे, नवऱ्याची तर नव्हेच. तिचा आकडा चारचौघांत मोठ्याने सांगितला जातो. आपल्याकडे पैसा उलट दिशेने जातो, तोही कुजबुजत. ख्रिस्ती घरेही त्यातून सुटलेली नाहीत. तिकडे सारे आलबेल आहे असे मात्र नव्हे. मेहेराखेरीज ‘हांतारान’ म्हणून वराकडून आणखी रक्कम मागतात, आणि तिच्या ओझ्यापायी कित्येक तरुण लग्न लांबणीवर टाकतात.

पुढे डफांच्या गजरात वधूवरांना सजविलेल्या आसनावर बसवितात. त्या दिवसापुरती ती दोघे राजाराणी. वडीलधारी मंडळी त्यांच्यावर गुलाबपाणी नि पिवळे तांदूळ शिंपडतात. अक्षताच म्हणा ना! ही चाल इस्लामपूर्व काळची म्हणून काही मौलवींना रुचत नाही. लोकांनी ती सोडलेली नाही.

निघताना यजमानाच्या हातात हात देता देता आहेराचे पाकीट हळूच सरकवावयाचे. पाहुण्यास कागदी फुलासह उकडलेले अंडे मिळते. हल्ली पुष्कळ घरी त्याऐवजी मिठाई देतात. आम्हांस मात्र अंडेच मिळाले.